मांडीची सवलत

टेनेसी हे अमेरिकेच्या दक्षिण भागातलं राज्य. तिथल्या विधिमंडळाने 1977 साली एक कायदा मंजूर केला. चार वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या गाडीतून नेताना आईवडिलांनी त्याला मुलांसाठी बनवलेल्या सीटमध्ये बांधूनच बसवलं पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. 1 जानेवारी 1978 ला तो अमलात आला. त्याआधी अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात असा कायदा नव्हता. पण मंजूर होता होता त्याला एक सवलत चिकटली. मोठ्या माणसाने मूल हातात धरलेलं असेल, तर सीट नसली तरी चालेल! दवाखान्यातून घरी निघालेल्या बाळंतिणीच्या कुशीतून बाळ काढून घ्यायचं म्हणजे काय, असा त्यामागचा भाव होता. कायद्यासाठी झटलेल्या लोकांनी या सवलतीला 'चाइल्ड क्रशर' असं नाव ठेवलं. मूल चिरडणारी सवलत. ती रद्द व्हायला 1981 साल उजाडलं.

मी नाशिकला बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. कार सीटचा इतिहास वाचायला घेतला तो आईबापांना समजावताना कामी येईल म्हणून, आणि अडकले ती या सवलतीपाशी. आपल्याकडे ती कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही, तरी घरोघरी पाळली जाते. बाळाचं बारसं आटोपून निघालेली गाडी असो, शिर्डीला किंवा वणीला निघालेली असो, तान्हं मूल पुढच्या सीटवर आईच्या नाही तर मागे आजीच्या मांडीवर असतं. प्रेमाची, उबेची जागा आहे ती. म्हणूनच ती धोक्याची आहे असं कोणाला वाटत नाही, आणि सांगितलं तर राग येतो.

तेव्हा आधी थोडा हिशेब मांडते. ताशी 50 किलोमीटर हा काही फार वेग नव्हे. नाशिकच्या कॉलेज रोडवर रात्री सगळे त्याच वेगाने जातात. पण ताशी 50 म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. गाडी कशावर तरी आदळून एक दशांश सेकंदात थांबली असं धरलं, तर 10 किलोच्या बाळाला जागच्या जागी धरून ठेवायला साधारण 140 किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. धान्याची पन्नास किलोची जवळजवळ तीन पोती, तीही ध्यानीमनी नसताना एकदम अंगावर यावीत तशी. कुठल्याच आईच्या हातात तेवढं बळ नसतं. आईने बेल्ट लावला असेल तर ती जागेवर राहते आणि मूल सुटतं. लावला नसेल तर मूल तिच्या आणि समोरच्या डॅशबोर्डच्या मध्ये सापडतं. काहीजण आई आणि मूल अशा दोघांवरून एकच बेल्ट ओढतात. त्यात आईच्या अंगाचा सगळा भार बेल्टच्या आत असलेल्या मुलावर पडतो. टेनेसीतल्या त्या सवलतीचं नाव अतिशयोक्त नव्हतं.

गाडीत मुलांसाठी वेगळी खुर्ची ही कल्पना मात्र या कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. 1930च्या दशकात अमेरिकेत अशा खुर्च्या विकायला आल्या होत्या. पुढच्या दशकातल्या खुर्च्या म्हणजे धातूच्या नळ्यांची चौकट आणि त्यावर ताणलेलं कॅनव्हास. दोन आकड्यांनी ती पुढच्या सीटच्या पाठीवर अडकवायची. काहींना खेळण्यातलं स्टिअरिंगही असे. मूल उंचावर बसायचं, बाहेरची गंमत बघायचं, मागेपुढे उड्या मारायचं नाही, आणि चालवणाऱ्याला ते नजरेसमोर दिसायचं. खुर्ची त्याचसाठी होती. अपघातात मुलाचं काय होईल याचा विचारच तिच्या बनावटीत नव्हता. आकडे निसटले की खुर्चीसकट मूल काचेवर. या खुर्च्यांचे जुने फोटो बघवत नाहीत मला, कारण त्यातली मुलं इतकी खुशीत असतात.

हे अज्ञान फक्त मुलांच्या वाट्याला आलं होतं असं नाही. मोठ्यांसाठीही गाडीत धड बेल्ट नव्हता. खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा, आज आपण वापरतो तो तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट व्होल्वो कंपनीचे इंजिनिअर निल्स बोलिन यांनी 1959 मध्ये आणला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. त्याने असंख्य माणसं वाचली. पण तो मोठ्या माणसाच्या हाडांवर बेतलेला आहे. आपल्या कमरेचं हाड पुढे उंचावलेलं असतं, बेल्ट त्यावर टेकतो. लहान मुलाचं ते हाड अजून घडलेलं नसतं, त्यामुळे बेल्ट सरकून मऊ पोटावर चढतो आणि वरचा पट्टा गळ्याशी येतो. आतडं, यकृत, प्लीहा यांना त्याने होणारी इजा बाहेरून दिसत नाही. पोटावर फक्त एक आडवा लाल वळ. तो वळ दिसला की आम्ही डॉक्टर सावध होतो.

मुलाचा जीव वाचवण्याच्या हेतूने बनवलेल्या सीट आल्या 1962 मध्ये, दोन ठिकाणी, एकमेकांना न कळता. ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी मागे तोंड करून बसवायची, इंग्रजी वाय अक्षरासारख्या पट्ट्यांची सीट बनवली. अमेरिकेत डेन्व्हरच्या लेनर्ड रिव्हकिन यांनी पुढे तोंड असलेली, धातूच्या चौकटीची सीट केली. या दोघांचं नाव आज कोणाला माहीत नसतं. पण मागे तोंड की पुढे तोंड हा जो मूळ प्रश्न, त्याच्या दोन्ही बाजू त्या एकाच वर्षात मांडल्या गेल्या होत्या.

त्या प्रश्नाचं उत्तर शास्त्राने दिलं ते स्वीडनमध्ये. गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात बेर्टिल आल्डमान नावाचे प्राध्यापक होते. पेशाने डॉक्टर, अभ्यासाचा विषय रस्त्यावरची सुरक्षितता. जेमिनी यानातले अमेरिकन अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठ टेकून, आडवे होऊन बसत. यानाचा सगळा रेटा त्यांच्या पाठीवर पसरे, मानेवर येत नसे. ते पाहून आल्डमान यांच्या मनात आलं, बाळालाही असंच बसवलं तर? 1964 मध्ये त्यांनी पहिली नमुना सीट व्होल्वोच्या पीव्ही 544 या गाडीत बसवून तपासली. गाडीची दिशा एकीकडे, मुलाचं तोंड दुसरीकडे.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण हा विचार डॉक्टरी आहे. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या सगळ्या लांबीचा चौथा हिस्सा असतं. आपलं साधारण सातवा-आठवा हिस्सा. इतकं मोठं डोकं ज्या मानेवर असतं, त्या मानेचे मणके अजून पुरते हाड झालेले नसतात. त्यांचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात आणि ते एकजीव व्हायला काही वर्षं जातात. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं अंग पट्ट्यांनी धरलं जातं, पण समोरून धडक बसली की डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं. "त्याचे पाय दुमडतात हो, त्याला पुढचं काही दिसत नाही," असं आया सांगतात. खरं आहे. पाय दुमडून बसायला मुलांना त्रास होत नाही, आपल्याला बघायला होतो. स्वीडनमध्ये मुलं चार वर्षांपर्यंत मागे तोंड करून बसतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2011 मध्ये निदान दोन वर्षांपर्यंत असं बसवा म्हणून सांगितलं, आणि 2018 मध्ये वयाची अटही काढून टाकून, सीटवर दिलेल्या वजन-उंचीच्या मर्यादेपर्यंत जितकं जमेल तितकं, असा सल्ला दिला.

अमेरिकेत मोटारकंपन्या या उद्योगात उतरल्या 1968च्या सुमारास. फोर्डची 'टॉट-गार्ड' होती, जनरल मोटर्सची 'लव्ह सीट'. 1971 मध्ये सरकारने सीटसाठी पहिलं मानक लागू केलं, पण त्यात धडक देऊन चाचणी घेण्याची अटच नव्हती. म्हणजे जे काम करण्यासाठी ती वस्तू बनली, ते ती करते का हे न बघताच विकायला परवानगी. प्रत्यक्ष धडकेची चाचणी बंधनकारक व्हायला आणखी दहा वर्षं गेली. त्या दहा वर्षांत किती आईबापांनी सीट विकत घेतली आणि आपलं मूल सुरक्षित आहे अशा भरवशावर गाडी चालवली असेल!

याविरुद्ध ओरड केली ती बरीचशी डॉक्टरांनी. न्यू जर्सीचे बालरोगतज्ज्ञ डॉ. सेमूर चार्ल्स यांनी 1965 मध्ये वाहनसुरक्षेसाठी डॉक्टरांची संघटनाच उभी केली. आणि टेनेसीत होते डॉ. रॉबर्ट सँडर्स. मर्फ्रीसबरो गावचे, रदरफर्ड काउंटीच्या आरोग्य खात्याचे प्रमुख. लसीमुळे ज्या काळात देवी, पोलिओ, घटसर्प मागे हटले, त्या काळातले हे डॉक्टर. रोगाने मुलं दगावण्याचं प्रमाण खाली येत होतं आणि गाडीतल्या मुलांचे मृत्यू तसेच होत होते. त्यांना वाटलं, हाही आपल्याच विषयातला भाग आहे. सीट ही सुद्धा एक लसच समजली पाहिजे. ते आणि त्यांच्या पत्नी पॅट आमदारांच्या मागे लागले. 1976 मध्ये विधेयक पडलं. मुलाला कसं न्यायचं हे सरकारने का सांगावं, गरिबांनी सीट कुठून आणायची, असे आक्षेप होते. पुढच्या वर्षी ते पास झालं, त्या सवलतीसकट.

सवलतीसह का होईना, त्यांनी कायदा पदरात पाडून घेतला, याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. मी असते तर अडून बसले असते. त्यांनी आहे तो घेतला आणि मग मांडीवर धरलेल्या मुलांचं काय होतं ते दाखवत राहिले. चार वर्षांत सवलत गेली. 1985 पर्यंत अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत मुलांच्या सीटचा कायदा आला होता. सँडर्स यांना लोक 'डॉक्टर सीट बेल्ट' म्हणत. 2006 मध्ये ते गेले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या हिशेबाप्रमाणे, नीट वापरलेल्या सीटमुळे मोटारीतल्या एक वर्षाखालच्या मुलांचा मृत्यूचा धोका 71 टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा 54 टक्क्यांनी कमी होतो. माझ्या हातातल्या फार थोड्या औषधांबद्दल मला असे आकडे सांगता येतील.

पुढची एक गोष्ट विसरता कामा नये. 1990च्या दशकात अमेरिकेत चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटसमोरही एअरबॅग आल्या. मोठ्यांना वाचवणारी ती पिशवी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच फुगते. पुढच्या सीटवर मागे तोंड करून ठेवलेल्या बाळाच्या सीटवर ती नेमकी डोक्यामागे आपटते. अगदी हळू झालेल्या धडकांतही बाळं गेली. तेव्हापासून गाडीच्या सनशेडवर बाळाच्या चित्रावर काट मारलेली सूचना असते. आपल्याकडे 2021 पासून नव्या गाड्यांत पुढे दोन्ही बाजूंना एअरबॅग सक्तीची झाली, म्हणजे ही सूचना आता आपल्यालाही लागू आहे. मागे तोंड असलेली सीट, समोर चालू एअरबॅग: ही जोडी कधीही नाही. यात "इथल्या इथे तर जायचंय" वगैरे काही नाही.

आपल्याकडचा इतिहास याहून वेगळ्या वाटेने आला. आपलं घराणं स्कूटरवर वाढलं. वडिलांच्या पुढे, हँडलला धरून, बजाज चेतकच्या फळीवर उभं असलेलं मूल हे माझ्या पिढीच्या बालपणाचं चित्र आहे. 1983च्या शेवटी मारुती 800 आली आणि हळूहळू मध्यमवर्गाच्या दारात मोटार उभी राहू लागली. पण गाडीत बसायची रीत तीच राहिली. जितकी माणसं तितकी जागा. जागा संपली की मुलं मांडीवर. पुढच्या सीटचे बेल्ट नव्या गाड्यांना 1994 पासून आले, मागचे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मागे बेल्ट असतो हेच कित्येकांना ठाऊक नव्हतं. तो सीटच्या फटीत, कव्हरखाली दडपलेला असायचा. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते, बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर निदान मागच्या बेल्टबद्दल घराघरांत बोलणं तरी सुरू झालं.

मुलांबद्दलचा कायदा त्याआधीच आला होता. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये 194 ब हे कलम घातलं गेलं: चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा मुलांच्या सीटने बांधलेलं नसेल तर चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. 1 सप्टेंबर 2019 पासून तो लागू आहे. दुचाकीवरच्या चार वर्षांखालच्या मुलांसाठीही फेब्रुवारी 2023 पासून अंगाला बांधायचा पट्टा, हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा असा नियम आहे. मी हे कलम आईबापांना सांगते तेव्हा ते चकित होतात. चौकात या कारणाने कोणाला थांबवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आणखी एक सांगते. 1 ऑक्टोबर 2023 पासून 'भारत एनकॅप' ही धडकेची चाचणी सुरू झाली आणि तिच्यात आपल्याकडच्या गाड्यांना तारे मिळू लागले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी वेगळे तारे असतात. गाडी घ्यायला गेलेले तरुण बाप आता ते तारे विचारतात, याचा मला आनंदच आहे. पण त्या चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे कार सीटमध्ये बांधलेले असतात. मांडीवर बसलेल्या मुलाला त्यातला एकही तारा लागू नाही.

माझ्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलाशेजारी एक कार सीट ठेवलेली आहे. सहाव्या आठवड्याच्या लसीला आलेल्या आईबापांना मी ती हाताळायला लावते. पाठीवर पट्ट्यांसाठी खाचा असतात, एकावर एक. मागे तोंड असेल तर पट्टा खांद्याच्या बरोबरीच्या किंवा किंचित खालच्या खाचेतून यायला हवा. पुढे तोंड असेल तर बरोबरीच्या किंवा वरच्या. गाडीचा बेल्ट कुठून न्यायचा त्याच्या खुणा सीटच्या अंगावरच रंगवलेल्या आहेत: मागे तोंडासाठी निळ्या, पुढे तोंडासाठी लाल. बहुतेक चुका इथेच होतात. बकल टक्क वाजलं की पट्टा ओढायचा आणि खांद्यावर तो चिमटीत धरून बघायचा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे, घडी येत नसेल तर बरोबर. बाळाला गुंडाळलेलं दुपटं, थंडीतला जाड स्वेटर पट्ट्यांच्या आत नको. बांधून झाल्यावर वरून पांघरूण घालावं. आणि सीट गाडीत बसवल्यावर, बेल्ट जातो त्या जागी धरून हलवायची. बोटभराहून जास्त सरकली तर पुन्हा बसवायची. नव्या पद्धतीत सीटचे लोखंडी हात गाडीतल्या कड्यांनाच अडकतात आणि खूण हिरवी होते. त्यात चूक होण्याचा संभव पुष्कळ कमी. दुकानात सीट निवडताना रंग आणि गादी बघण्याआधी तिच्यावर चाचणी झाल्याचा शिक्का आहे का, ती आपल्या बाळाच्या वजन-उंचीची आहे का, आणि आपल्या गाडीचा बेल्ट तिला पुरतो का, हे गाडीतच लावून बघा म्हणून मी बजावते. काही गाड्यांचा मागचा बेल्ट खरोखरच अपुरा पडतो.

आज्यांचा विरोध मला समजतो. "डॉक्टर, आम्ही का मुलं वाढवली नाहीत? पहिल्यांदा घरी येणारं लेकरू असं खुर्चीला जखडून आणायचं?" असं एका आजीने विचारलं. मी त्यांना म्हटलं, "आजी, तुम्ही त्याच्या शेजारी बसा, हात त्याच्या अंगावर ठेवा. त्याला तुमचा हातच हवाय." त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि मग स्वतःच त्या बकलशी झटापट करायला लागल्या. बाळ कितीही रडलं तरी धावत्या गाडीत त्याला काढायचं नाही, गाडी बाजूला थांबवायची, हेही त्यांनी पुढे मला सांगितलं, मी काही न सांगता.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. तान्ह्या बाळाची सीट जेमतेम वर्षभर वापरली जाते आणि तेवढ्यासाठी काही हजार रुपये घालणं सगळ्यांना झेपत नाही. 1980च्या दशकात अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाचा पहिला प्रवासच सुरक्षित असला पाहिजे अशी मोहीम काढली, आणि गावोगावच्या दवाखान्यांनी, आरोग्य खात्यांनी सीट उसन्या द्यायला सुरुवात केली. ओळखीपाळखीतून आलेली जुनी सीट आणि दवाखान्याने उसनी दिलेली सीट यात फरक आहे. पहिलीचा पूर्वेतिहास कोणालाच माहीत नसतो. प्रसूतिगृहांनी आपल्याकडेही हे करावं असं मी सांगत असते. आम्ही काही डॉक्टरांनी मिळून थोड्या सीट घेतल्या आहेत. नेताना वहीत नाव, बाळाचं वजन आणि गाडीचा प्रकार लिहितो, आणि सीट गाडीत बसवून दाखवल्याशिवाय बाळाला सोडत नाही. परत आली की तिच्या बुडाशी छापलेली बनावटीची तारीख आणि मुदत बघतो, पट्टे ताणून पाहतो, प्लॅस्टिकला तडा आहे का ते चाचपतो, आणि गाडीला कधी धडक बसली होती का ते विचारतो. बसली असेल तर सीट वरून कितीही चांगली दिसो, तिचे पट्टे कात्रीने कापून ती भंगारात टाकतो, म्हणजे ती उचलून दुसरं कोणी वापरायला नको.